लॉबीतला पाय : कबड्डीतल्या वादांचा इतिहास

7 ऑक्टोबर 2023. चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना. भारत आणि इराण 28-28 अशा बरोबरीत, घड्याळात जेमतेम मिनिटभर शिल्लक, आणि भारताचा पवन सेहरावत ‘करो या मरो’च्या चढाईवर, म्हणजे गुण आणला नाही तर बाद. कोणालाही स्पर्श न करता पवन बाजूच्या राखीव पट्ट्यात, लॉबीत गेला आणि त्याला धरायला धावलेले इराणचे बचावपटूही मागोमाग त्याच पट्ट्यात शिरले. स्पर्श झालेला नसताना लॉबीत पाऊल टाकणारा बाद, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण मागून गेलेल्यांचे काय? जुन्या नियमाने तेही बाद. नव्या दुरुस्तीने बाद फक्त चढाईपटू. निर्णय झाला, फिरला, पुन्हा चर्चेला आला. खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. साऱ्या आशियासमोर घडलेला हा प्रकार अनेकांना लाजिरवाणा वाटला. ज्या खेळाला ऑलिंपिकची आस आहे त्याला स्वतःचे नियम तरी पाठ असू नयेत का, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. मात्र त्यामागे एक समजूत दडलेली आहे, ती अशी की वाद हा खेळातला बिघाड आहे आणि नियम चोख लिहिले की तो दूर होतो. कबड्डीचा महाराष्ट्रातला शंभर वर्षांचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. या खेळाचे नियम वादांतूनच घडले, आणि त्या वादांच्या मुळाशी असलेला स्पर्श अशी गोष्ट आहे, की ती पुरती कागदावर कधी उतरलीच नाही.

हा इतिहास समजून घ्यायचा तर हांगझोऊपेक्षा पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या गावाकडे पाहणे अधिक उपयोगाचे. आज या गावाला उलव्याच्या उंच इमारती, न्हावा-शेवा बंदराकडे धावणारे कंटेनर आणि अटल सेतूकडे जाणारे रस्ते यांनी वेढले आहे. दोन पिढ्यांपूर्वी इथे खाडी होती, खाडी अडवणारे बांध होते, बांधाच्या आतली खारी भातशेती होती आणि मिठागरे होती. आगरी, कोळी आणि कराडी समाजाची ही वस्ती. खाऱ्या जमिनीत भाताचे पीक एकच, तेही पावसावरचे. कापणी-झोडणी उरकली की खाचरे पावसाळ्यापर्यंत मोकळी. कबड्डीला 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद एवढीच जागा लागते. चेंडू नाही, बॅट नाही, जाळे नाही, बूटही नाहीत. जमीन सपाट करायची, खडे वेचायचे, पाणी शिंपून माती बसवायची आणि चुन्याच्या फक्कीने रेघा ओढायच्या. जत्रा आणि लग्नसराईचे दिवसही तेच. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यात कबड्डी इतकी खोल का रुजली याचे उत्तर मला या वेळापत्रकात दिसते. रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हापासून या भागात शेतीचा आणि खेळाचा हंगाम एकमेकांना खेटून येत आहे. बांध फोडणाऱ्या भरतीशी आणि कमरेएवढ्या चिखलाशी झुंजणाऱ्या माणसांच्या अंगात जी ताकद आणि जो तोल लागतो, तोच पकडीला लागतो, हे वेगळे सांगायला नको.

मातीच्या मैदानावर वाद कसा चाले, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. पाणी मारून बसवलेल्या मातीवर पावलाचा ठसा उमटतो. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय उचललेला होता की टेकलेला, बाहेरच्या रेषेवर टाच पडली की चवडा, याचा पुरावा जमिनीतच असतो. पंच खाली वाकून पाहतात, दोन्ही कर्णधार वाकून पाहतात, रेषेला चिकटून बसलेली पहिली रांगही मान पुढे काढते. फक्की विस्कटलेली असेल तर कोणाच्या अंगठ्याला चुना लागलाय तेही बघितले जाते. निकाल सगळ्यांना पटतोच असे नाही, पण ज्यावर भांडायचे ती खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. मॅटवर ठसा राहत नाही. तिथे रेषा स्वच्छ, जखमा कमी, वेग जास्त. मात्र पाऊल उचलले गेले की पुरावाही गेला, आणि मग कॅमेऱ्याला विचारावे लागते. मातीवरून मॅटवर जाणे ही कबड्डीची प्रगती आहेच. त्या प्रगतीत प्रेक्षकाच्या हातातला पुरावा मात्र यंत्राच्या ताब्यात गेला, याची नोंद सहसा कोणी करत नाही. गावच्या मैदानावरचा प्रेक्षक केवळ ओरडण्यासाठी आलेला नसतो. त्यातले अर्धे स्वतः खेळलेले, उरलेल्यांच्या घरात कोणीतरी खेळलेले. त्यांचा आरडाओरडा म्हणजे जाणकारांची साक्ष असते. पक्षपाती असेल, पण जाणकारांचीच.

नियम कागदावर यायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात, आणि तीही महाराष्ट्रात. तोवर हा खेळ, म्हणजे तेव्हाचा हुतूतू, गावागणिक वेगळा होता. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येई. गामिणीत बाद झालेला बाहेरच; सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला परत येता येत नसे. अमर प्रकारात बाद झालेला आतच राही, फक्त समोरच्याला गुण मिळे. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की पहिला वाद खेळ कोणता खेळायचा याचाच. साताऱ्यात 1921 मध्ये संजीवनी आणि गामिणी यांची सांगड घालून नियमांचा एक आराखडा झाला. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली, तीत सुधारलेले नियम वापरले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानेही या कामात हात घातला होता, आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम आणखी घासूनपुसून घेतले. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळाचे प्रात्यक्षिक केले. या सगळ्या संस्था आखाड्याच्या आणि तालमीच्या परंपरेतून आलेल्या, राष्ट्रीय शिक्षणाच्या भावनेने भारलेल्या. त्यांना खेळ परक्यांना दाखवायचा होता, आणि परक्याला दाखवायचा तर आधी घरातला वाद मिटवणे भाग होते. अखिल भारतीय कबड्डी महासंघ 1950 साली स्थापन झाला आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 मध्ये मद्रासला झाली. संजीवनी जिंकली, गामिणी आणि अमर मागे पडले. आजची ‘लोण’ची पद्धत, म्हणजे अख्खा संघ बाद केला की दोन जादा गुण, ही त्या निवडीचीच पुढची पायरी.

नियमपुस्तिका सरळ वाचली तर रूक्ष वाटते. तिच्यातल्या लहान लहान कलमांकडे ‘हे लिहावे का लागले?’ असे विचारत पाहिले की ती बोलू लागते. खेळाडूंनी नखे कापलेली असावीत. अंगाला तेल किंवा तसला कोणताही बुळबुळीत पदार्थ लावू नये. चढाईपटूचा दम तुटावा म्हणून त्याचे तोंड दाबू नये, गळा आवळू नये. पायांची कात्री घालून धरू नये. रेषेबाहेर जाणूनबुजून ढकलू नये. चढाईवर गेलेल्याला त्याच्याच बाजूच्या गड्याने ओरडून सूचना देऊ नये. दिली तर समोरच्याला गुण. यातले एकही कलम टेबलाशी बसून सुचणारे नाही. कुणीतरी तेल चोपडून आला होता, कुणाच्या तरी नखांनी समोरच्याचा दंड सोलला होता, कुणीतरी तोंडावर पंजा ठेवून दम तोडला होता, आणि भोवतीच्या माणसांनी ‘हे चालणार नाही’ म्हणून मैदान डोक्यावर घेतले होते, तेव्हा ते लिहिले गेले. कलमातले प्रत्येक ‘नये’ हा एका जुन्या भांडणाचा निकाल आहे. भांडण करणाऱ्यांची नावे कोणी ठेवली नाहीत, निकाल मात्र आजही जगभर पाळला जातो. इराणमधला किंवा केनियातला खेळाडू सामन्याआधी नखे दाखवतो, तेव्हा तो महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी विसरल्या गेलेल्या मैदानावरच्या तक्रारीला मान देत असतो, असे म्हणायला माझी हरकत नाही.

दमाची गोष्ट तर आणखी बोलकी. पूर्वी चढाईला घड्याळ नव्हते. ‘कबड्डी कबड्डी’ किंवा ‘हुतूतू’चा घोष एका श्वासात जिथवर चालेल तिथवर चढाई, श्वास हेच घड्याळ. पंच चढाईपटूबरोबर बाजूच्या रेषेने पुढेमागे सरकत, कान देऊन ऐकत. घोष मध्येच तुटला, चोरून श्वास घेतला, ओठ हलले पण आवाज आला नाही, असल्या तक्रारी रोजच्याच. पुढे चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आली आणि श्वासाचे काम घड्याळाने उचलले. एक वाद कमी झाला हे खरे, आणि प्रक्षेपणाच्या दृष्टीनेही ते सोयीचे. पण आज भरगच्च स्टेडियममध्ये, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात, दम तुटल्याबद्दल कोणी बाद झाल्याचे क्वचितच दिसते. नियम पुस्तकात आहे, मैदानावर तो अर्धवट निजला आहे. मला हे नुकसान वाटते. दमामुळे कबड्डी इतर सगळ्या झोंबाझोंबीच्या खेळांपेक्षा वेगळी ठरते, आणि ज्याच्यावर वाद घालायला कोणी उरत नाही तो नियम हळूहळू नाहीसा होतो.

आता मूळ मुद्दा, स्पर्शाचा. चढाईपटूच्या बोटाचे टोक बचावपटूच्या बनियनच्या कडेला लागले तरी तो स्पर्शच. कपडे, बूट, अंगावरचे काहीही नियमाने शरीराचाच भाग धरले जाते. पण असा ओझरता स्पर्श झाला की नाही, हे नक्की दोघांनाच ठाऊक असते: ज्याचा हात लागला त्याला आणि ज्याला लागला त्याला. कित्येकदा दोघांपैकी एकालाच. म्हणूनच या खेळात एक जुना रिवाज आहे. स्पर्श झालेला खेळाडू पंचांच्या शिट्टीची वाट न पाहता हात वर करतो आणि बाहेर जातो. तो रिवाज पाळला गेला की अर्धे वाद उठतच नाहीत. तो पाळला जाईलच यावर नियमकर्त्यांना विसंबता येईना, तेव्हा त्यांनी स्पर्शाच्या जागी रेषा आणायला सुरुवात केली. रेषा दिसते, मोजता येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा: कोणालाही स्पर्श न होता परतायचे तर ती ओलांडावीच लागते. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा: सहा किंवा सात गडी आत असताना ती ओलांडली तर स्पर्शाशिवायही एक गुण. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी: स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत ती मैदानाबाहेर, झटापट सुरू झाली की ती मैदानात. या आखणीमागचे डोके मोठे आहे, त्याबद्दल शंका नको. मात्र लॉबीच्या व्याख्येकडे नीट पाहा. लॉबी मैदानात आहे की बाहेर, हे पुन्हा स्पर्श झाला की नाही यावरच ठरते. ज्याला टाळण्यासाठी रेषा ओढली, तोच रेषेच्या पोटात जाऊन बसला. हांगझोऊचा गोंधळ योगायोगाने लॉबीत झाला नाही. तो तिथेच व्हायचा होता.

मग नियम बदलला का गेला? त्याचेही कारण मैदानावरच सापडते. स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेला चढाईपटू आणि त्याच्यामागे गेलेले तीन-चार बचावपटू सगळेच बाद धरले, तर चढाईपटूच्या हाती एक चलाख डाव येतो. आपला एक गडी जाईल, पण समोरचे धावत आले तर त्यांचे तीन-चार जातील. बचावपटूला तर पकडीसाठी झेपावताना, समोरच्याचा पाय रेषेच्या आत आहे की बाहेर, हे पाहायला उसंत नसते. त्याच्या झेपेचीच शिक्षा त्याला मिळावी हे न्याय्य नाही, असे मानणाऱ्यांनी दुरुस्ती सुचवली असेल तर ती समजण्यासारखी आहे. उलट बाजूही पोकळ नाही. मैदान कुठे संपते याचे भान ठेवणे हे बचावपटूचेही काम आहे, एकट्या चढाईपटूचे नव्हे. दोन्ही बाजूंना वजन आहे. हांगझोऊत चुकले ते वेगळेच: दोन्ही नियम लिहिलेले होते, दोन्ही स्पष्ट होते, आणि मैदानावरच्या माणसांमध्ये कोणता लागू आहे याबद्दल एकवाक्यता नव्हती. ‘नियम चोख लिहिले की वाद संपतो’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. तिथे शब्दांची कमतरता नव्हतीच.

हे दुखणे एकट्या कबड्डीचे नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात, तिथे गोलरक्षकाच्या कामात आडकाठी झाली की नाही, यावर चाहत्यांचे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत. गोलसमोर फिकट निळ्या रंगाने रंगवलेली अर्धगोल जागा असते, ती गोलरक्षकाची. नव्वदीच्या दशकात तिथल्या लीगने पंचांच्या मर्जीचा प्रश्नच नको म्हणून कडक नियम केला: चकती आत येण्याआधी हल्ला करणाऱ्याचा पाय त्या जागेत असेल तर गोल रद्द. स्वच्छ, मोजता येणारी रेषा. जून 1999 मध्ये स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीत, सहाव्या सामन्याच्या तिसऱ्या जादा वेळेत, डॅलसच्या ब्रेट हलने बफेलोच्या डॉमिनिक हाशेकवर गोल केला आणि करंडक डॅलसला गेला. हलचा एक पाय निळ्या जागेत होता. चकतीवर त्याचाच ताबा होता म्हणून गोल ग्राह्य, असे लीगचे म्हणणे. बफेलोचे लोक आजही तो गोल मानत नाहीत. पुढच्याच मोसमात तो कडक नियम गेला आणि निर्णय पुन्हा पंचांच्या समजुतीवर सोपवला गेला. 2015 पासून प्रशिक्षकांना व्हिडिओ पाहण्याची मागणी करण्याची सोय झाली, तरी वाद मिटला नाही. चित्रात धक्का दिसतो, पण तो धक्का गोलरक्षकाला अडवण्याइतका होता का, हे चित्र सांगत नाही. रेषेकडून माणसाकडे आणि माणसाकडून रेषेकडे, असा हा प्रवास दोन्ही खेळांनी केला. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या नियमकर्त्यांना तोच अनुभव यावा, याचा अर्थ दोष त्यांच्या बुद्धीचा नाही.

आणि वाद घडवून आणणारी माणसे? त्यांच्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. कडेवर खेळणारे खेळाडू नसतील तर कडा कुठे आहे हे कोणाला कळणारच नाही. प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाचा आणि 2016 च्या विश्वचषकातल्या भारतीय संघाचा कर्णधार अनुप कुमार शांत चेहऱ्याने बोनस रेषेवर असा पाय टाकी की गुण मिळाला की नाही हे पंचांखेरीज कोणी सांगू नये. परदीप नरवाल बचावपटूंच्या हातांच्या साखळीखालून डुबकी मारून निसटे, तेव्हा त्याच्या पाठीला किती जणांचे हात लागले हे मोजताना पंचांची तारांबळ उडे. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीच्या 2018 च्या मोसमात तीन-चार जणांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत नेऊ लागला आणि पुढच्याच लिलावात त्याला 1 कोटी 45 लाखांची बोली लागली. त्याच्या खेळाने झटापट कधी सुरू होते आणि कधी संपते हा प्रश्न ऐरणीवर आणला. इराणचा फजल अत्राचली मुंबईकडून खेळला, पुण्याकडूनही खेळला. डाव्या कोपऱ्यात उभा राहून मांडीवर थाप मारणारा हा गडी इथल्या प्रेक्षकांना आपलाच वाटतो, भारताविरुद्ध उभा असला तरी. त्याआधीच्या पिढीत 1972 साली कबड्डीचा पहिला अर्जुन पुरस्कार मिळवणारे सदानंद शेट्ये होते, महिलांमध्ये शकुंतला खटावकर होत्या. त्यांचे सामने कॅमेऱ्याने टिपले नाहीत, त्यामुळे त्यांच्या लकबी पाहणाऱ्यांच्या आठवणीतच राहिल्या. 26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा टीव्हीने खेळाडूंना रंग दिला असे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. रंग आधीपासून होता. टीव्हीने तो घरोघरी नेला, आणि त्याबद्दल टीव्हीचे ऋण मानावे.

या सगळ्यात मैदानाबाहेरचा एक माणूस मला खेळाडूंइतकाच मोठा वाटतो. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांना कबड्डी महर्षी म्हणतात आणि त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. संघटना बांधणे, आशियाई पातळीवर खेळ नेणे ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि 1990 ला बीजिंगमध्ये ती पदकाचा खेळ झाली. या वाटचालीत पडद्यामागचे सर्वांत कठीण काम कोणते होते? बांगलादेश, जपान, पाकिस्तान, नेपाळ इथल्या माणसांना एकाच नियमाखाली आणणे, म्हणजेच साताऱ्यात आणि बडोद्यात झालेले काम पुन्हा एकदा, साऱ्या आशियासाठी करणे. पदकांच्या यादीत हे काम दिसत नाही. ते झाले नसते तर यादीच नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की वादांचे असे गोडवे गाणे गावच्या स्पर्धांची वस्तुस्थिती झाकते. निर्णयावरून हाणामाऱ्या होतात, सामने अर्धवट राहतात, दोन गावांत वर्षानुवर्षे वैर धुमसते. हे खोटे नाही, आणि ते कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. ज्या पंचाला सामना संपल्यावर मागच्या रस्त्याने घरी जावे लागते, त्याला ‘वाद हा खेळाचा प्राण’ असे सांगणे निर्दयपणाचे होईल. पण वाद आणि मारामारी यांत एक साधा फरक आहे. वाद घालणाऱ्याला निर्णय बदलून हवा असतो, म्हणजे निर्णय देणारा कोणीतरी असतो हे त्याला मान्य असते. मारामारी करणाऱ्याला ते मान्य नसते. जिथे पंच जाणकार आहेत आणि दाद मागायची वाट सर्वांना ठाऊक आहे, तिथे वाद कितीही तापला तरी तो वादच राहतो. जिथे यजमान मंडळच आपला पंच उभा करते आणि तक्रार ऐकायला कोणी नसते, तिथे ठिणगी पडते. हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड, दोन मिनिटांचे निलंबन, ही साधने नियमांत आहेतच. ती वापरण्याचा अधिकार पंचाला गावाने मनापासून दिला पाहिजे, आणि तो अधिकार पंचाची जात, गाव, पक्ष न पाहता दिला पाहिजे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. कॅमेरे लावा, फेरतपासणी द्या, विषय संपला. प्रो कबड्डीत संघांना फेरतपासणी मागता येते आणि रेषेच्या बाबतीत ती उत्तम चालते. पाय बोनस रेषेपलीकडे पडला का, हात मध्यरेषेला लागला का, हे कॅमेरा पंचापेक्षा चांगले पाहतो. त्याला विरोध करण्यात काही अर्थ नाही. पण बनियनच्या कडेला लागलेले बोट, मध्येच चोरलेला श्वास, झटापट सुरू झाल्याचा नेमका क्षण, इथे चित्र हळू करून पाहिले तरी दोन जाणकार दोन मते देतात. शिवाय हा उपाय परवडतो कोणाला? रायगड जिल्ह्यातल्या गावच्या मंडळाला दिव्यांचे भाडे आणि बक्षिसाची रक्कम जमवतानाच घाम फुटतो. वरच्या पातळीवर यंत्र आणि खालच्या पातळीवर जुनीच पद्धत, असे दोन खेळ तयार झाले तर खालून वर जाणाऱ्या मुलाला दोनदा शिकावे लागेल. तिसरा आक्षेप असा, की आजची तरुण मुले क्रिकेट पाहतात, त्यांना या काथ्याकुटात रस नाही. याला उत्तर आकड्यांनी देण्याची गरज नाही. हांगझोऊला सुवर्णपदक मिळवलेल्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे दोन तरुण होते, आणि अस्लमच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला प्रो कबड्डी जिंकली. मुलांना रस आहे. त्यांना जागा हवी आहे.

जागेचा प्रश्न गव्हाणच्या परिसरात सर्वांत टोकदार आहे. 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. 1989 मध्ये बंदर सुरू झाले, आणि 2024 च्या जानेवारीत अटल सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे. या सगळ्याचा हिशेब मांडणारे लिखाण पुष्कळ आहे, आणि त्यात रोजगार, घरभाडे, रस्ते यांना योग्य ते स्थान आहे. खेळाचा हिशेब कोणी मांडलेला नाही. भाताची खाचरे गेली तेव्हा पिकाबरोबर हिवाळ्यातली मैदानेही गेली. ती कोणाच्याही सातबारावर मैदान म्हणून नोंदलेली नव्हती, त्यामुळे त्यांचा मोबदला मागायचाही प्रश्न आला नाही. शहराच्या आराखड्यात क्रीडांगणे आहेत. पण ठरावीक वेळेचे, कुंपण घातलेले क्रीडांगण आणि गावाच्या कुशीतले, रेषेला चिकटून बसता येणारे मैदान यांत फरक आहे. दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षक साक्षीदार असतो, पहिल्या ठिकाणी तो पाहुणा.

म्हणून पनवेल, उरण, पेण, अलिबाग पट्ट्यातल्या मंडळांना आणि जिल्हा संघटनेला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दर स्पर्धेत एक वही ठेवा. वादग्रस्त निर्णय कोणता, कोणत्या नियमावर वाद झाला, दोन्ही कर्णधार काय म्हणाले आणि पंचांनी काय ठरवले, हे त्याच रात्री चार ओळींत लिहा आणि दोन्ही संघांच्या सह्या घ्या. मोसम सुरू होण्याआधी नियमांतल्या नव्या दुरुस्त्या मराठीत छापून प्रत्येक संघाला द्या आणि पहिल्या सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवा, म्हणजे लॉबीच्या नियमावरून आंतरराष्ट्रीय मैदानावर जे झाले ते गावच्या मैदानावर होणार नाही. आणि गावठाण विस्ताराचे नकाशे मंजूर होत असताना ग्रामसभेत उठून 13 बाय 10 मीटरच्या मातीच्या मैदानासाठी, भोवती माणसे बसतील एवढ्या जागेसह, ठराव मांडा.